फोंड्याकडचं जुन्या गाड्यांच्या पार्टचं यार्ड: महाग आहे, तरी मी तिथूनच घेतो

पद्मिनी, अँबेसेडर, कॉन्टेसा नाहीतर पहिल्या पिढीतली मारुती ८०० ह्यातलं काही दारात उभं असेल आणि तुम्ही गोव्यात राहत असाल तर फोंडा भागातलं हे यार्ड तुम्हाला माहीत असायलाच पाहिजे, म्हणून लिहितोय. नाव-पत्ता देत नाही कारण मालकानेच सांगितलंय की देऊ नको, लोक नुसते फोटो काढायला येतात आणि पार्ट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक ताटकळत राहतं. तसाही तिथे बोर्ड नाही. फोंड्यातल्या कुठल्याही जुन्या फिटरला विचारा की पद्मिनीचे दरवाजे कुठे मिळतात, तो बरोबर पाठवतो.

आधी मत सांगून टाकतो, मग बाकीचं. माल अस्सल, काढलेला एकदम व्यवस्थित, भाव चढे, बिल मिळत नाही, फोन उचलतीलच असं नाही. पाचपैकी चार स्टार आणि ते चारही मनापासून.

आमची पद्मिनी १९८६ ची, जुनी जीडी सिरीजची नंबरप्लेट, हँडगिअर, डिचोलीत वडिलांनी घेतलेली आणि अजून रोज नाही तरी आठवड्यातून बाजाराला जाणारी. इंजिनची मला कधीच काळजी नव्हती. १०८९ सीसीचं साधं इंजिन, पिस्टन-रिंग सेट शोधला तर मिळतो, बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन करून आणता येतं, तिथले लेथवाले ह्या इंजिनांवर हात बसलेले लोक आहेत. कार्बोरेटरचं किट, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, डेल्कोची (डिस्ट्रिब्यूटरची) कॅप, पॉइंट हेही कुठून ना कुठून येतं. खरी पंचाईत बॉडीची. दरवाजा, पुढची जाळी, बंपरचे कोपरे, पुढच्या दरवाजातली ती तिकोनी काच तिच्या फ्रेमसकट, मागच्या दिव्याची लेन्स, हबकॅप. ह्यातलं बरंचसं आता कोणी बनवत नाही, बनवलं तर इतक्या पातळ पत्र्याचं की बोटाने दाबलं तर आत जातं, आणि म्हणून दुसऱ्या गाडीवरून काढलेला मूळ पार्ट हाच एक रस्ता उरतो.

आता यार्डाबद्दल. बाहेरून पत्र्याचं कुंपण, आत दोन लांब शेड. बाकीच्या भंगार अड्ड्यांवर गाड्या उघड्यावर एकावर एक चढवलेल्या असतात, पावसात कुजत पडलेल्या, आणि गॅस कटरवाला तयारच असतो. इथे काचा लाकडी रॅकमध्ये उभ्या, दोन काचांच्या मधे गोणपाट. हबकॅप दोरीला ओवून वर टांगलेले, आकाराप्रमाणे वेगळे. क्रोमचं जे काही आहे ते ग्रीस फासून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वर मार्करने गाडी आणि साल. दिव्यांच्या लेन्स बिस्किटाच्या डब्यांत. मालक काका साठी ओलांडलेले, पूर्वी स्वतः गॅरेज चालवायचे, त्यामुळे कुठला पार्ट कुठल्या वर्षी बदलला हे त्यांना तोंडपाठ आहे. मी जुन्या लेन्सचा तुकडा दाखवला तर हातात घेऊन एकदाच फिरवला आणि म्हणाले, "बाब, हो पार्ट आतां मेळचो ना, पूण फुडल्या म्हयन्यांत एक गाडी येतली." आणि खरोखर गाडी आली तेव्हा त्यांनी आपणहून फोन केला.

मी गेलो होतो तेव्हा एका पांढऱ्या पद्मिनीचा ड्रायव्हर साइडचा दरवाजा काढायचं काम चालू होतं, ते मी शेवटपर्यंत उभं राहून बघितलं आणि तिथेच माझं मत पक्कं झालं. बिजागरीच्या स्क्रूंवर आदल्या रात्री डिझेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून सोडून ठेवलेलं होतं. काकांनी हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावला, पहिला ठोका घट्ट करायच्या बाजूला, म्हणजे आतला गंज तुटतो, आणि मग सैल करायच्या बाजूला. एक स्क्रू हलायलाच तयार नव्हता, त्याला थोडं तापवलं, पुन्हा ऑइल, पुन्हा ठोका. हाताखालचा पोरगा दरवाजाखाली जुना टायर सरकवून वजन पेलत बसलेला, कारण शेवटचा स्क्रू सुटला आणि दरवाजा लोंबकळला की बिजागरीकडचा पत्रा वाकतो. पाऊण तास गेला एका दरवाजाला. कटरने हेच काम दोन मिनिटांत होतं, पण मग बिजागरी जळते, पत्र्याला पीळ बसतो आणि तो दरवाजा दुसऱ्या गाडीवर कधीच नीट बसत नाही, खालून जुळवला तर वर फट राहते, वरून जुळवला तर कुलूप लागत नाही, आणि डेंटर त्याच्याशी झगडण्याचे जेवढे पैसे घेतो तेवढ्यात हा महागाचा दरवाजा येतो.

भाव सांगतो, मला सांगितलेले. ड्रायव्हर साइडचा दरवाजा, काच आणि काच वर-खाली करायची मशीन धरून ९,०००. तिकोनी काच फ्रेमसकट २,०००. पुढची जाळी चांगल्या अवस्थेतली ५,५००. हबकॅप एक नग १,२००. पुढची मोठी काच ४,५००, आणि तिच्यावर वायपरच्या ओरखड्याचं अर्धवर्तुळ असेल तर हजार कमी. काही वर्षांपूर्वी असाच दरवाजा मी कुर्ल्याच्या बाजारातून अडीच हजारांत आणून बसवला होता, वर भाडं वेगळं. म्हणजे किती चढलंय ते बघा. काकांशी घासाघीस होते पण थोडी, आणि गाडी स्वतः घेऊन गेलात, त्यांना दिसलं की गाडी चालती आहे, तर ते आपणहून कमी करतात. विकत घेऊन पुढे विकणाऱ्याला ते एक रुपया सोडत नाहीत आणि मला ते फार पटलं.

भाव का चढले हे बऱ्याच जणांना वाटतं तेवढं सरळ नाहीये. पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, आधी फियाट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी, आणि २००० च्या आसपास बनायची बंद झाली. गाडी बंद झाल्यावरही इतकी वर्षं पार्टची चणचण जाणवली नाही त्याचं कारण मुंबईची काळीपिवळी. रोज धावणाऱ्या हजारो टॅक्सी, रोज झिजणारे किंगपिन, व्हील सिलिंडर, वॉटर पंप, रोज कुठेतरी ठोकलेला बंपर, त्यामुळे छोटे कारखाने नवीन माल काढत होते आणि जुन्या टॅक्सी मोडीत निघायच्या त्यांचे पार्ट ढिगाने बाजारात यायचे. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदलेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सी एकामागून एक मोडीत जात होत्या त्या काळात पार्ट इतके स्वस्त होते की आपल्याला वाटलं हे असंच राहणार. पण तो शेवटचा साठा होता. आता मोडायला टॅक्सी नाही आणि टॅक्सीच नाही म्हणून नवीन पार्ट बनवणाऱ्याला गिऱ्हाईकही नाही, दोन्ही बाजूंनी विहीर आटली.

अँबेसेडरवाल्यांनी हे नीट वाचावं. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ च्या मे महिन्यात बंद झाला. कोलकात्यात पिवळ्या टॅक्सी अजून आहेत म्हणून तुमचे पार्ट अजून परवडतात, पण तिथे मर्यादा पंधरा वर्षांची आहे, म्हणजे शेवटच्या गाड्यांची पंधरा वर्षं २०२९ मध्ये भरतात आणि टॅक्सी आत्ताच झपाट्याने कमी होतायत. आमच्यासोबत जे झालं तेच तुमच्यासोबत होणार आहे, फक्त तुमच्याकडे थोडा वेळ आहे. काचा, दिवे, क्रोम, दरवाजाचे हँडल आत्ता घेऊन ठेवा.

गंमत वाटेल पण गोव्यात १९६१ च्या आधी बाहेरून आलेल्या गाड्या ज्यांच्या घरात आहेत त्यांचं काही बाबतीत आमच्यापेक्षा सोपं आहे. मॉरिस मायनरचं दाराचं रबर इंग्लंडमध्ये आजही नवीन बनतं, बीटलचे पार्ट तर जगभर बनतात, कुरिअर आणि कस्टम ड्युटी भरायची तयारी असली की घरपोच येतं. पद्मिनी इथेच बनली, इथेच चालली, इथेच मोडली, तिच्यासाठी तिकडे कोण साचा ठेवणार. इटलीत मूळ फियाट ११०० चे काही पार्ट मिळतात आणि त्यातले काही जुळतातही, पण त्या किमतीत इथे दोन दरवाजे येतील.

दुसरं कारण सरकारी नियम. २०२१ मध्ये स्क्रॅपिंगचं धोरण आलं, नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं आणि नवीन गाडी घेताना सवलत. त्याच्या जोडीला १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीचं आरसी नूतनीकरण ६०० वरून ५,००० झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केलं, बाहेरून आणलेल्या गाडीला तर ८०,०००. ज्यांची गाडी माडाखाली नुसती उभी होती ते म्हणतात कशाला भरा, देऊन टाका. ह्यातल्या ज्या गाड्या केंद्रात जातात त्यांचा पत्रा दाबून पोलाद होतं, पद्मिनीची जाळी वेगळी काढून ठेवायला तिथे कोणाला सवड आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे, व्हीए असलेली प्लेट, २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पण त्यात अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको, आणि रोजच्या वापराला ती काढता येत नाही. म्हणजे एकीकडे मूळ पार्ट असलेली गाडी मोडायला ढकलतात आणि दुसरीकडे मूळ पार्टच पाहिजेत म्हणतात. ऐंशी-नव्वदच्या दशकातली पद्मिनी मधल्या मधे लटकलेली, विंटेज व्हायला अजून वेळ आहे आणि फी मात्र दर पाच वर्षांनी.

आणि तिसरं कारण फक्त आपल्याकडचं, ज्याच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. किनाऱ्याकडच्या हॉटेल-कॅफेंना सजावटीला जुनी गाडी पाहिजे. पद्मिनीचं तोंड कापून भिंतीला लावायचं, मागचा भाग कापून सोफा करायचा, बोनेटखाली बिलाचं काउंटर. काकांनी सांगितलं की एका पार्टीने चांगली चालती गाडी मागितली, फक्त पुढचा अर्धा भाग, आणि दिलेला भाव असा की मी तीन गाड्यांना पार्ट विकून तेवढे मिळवले नसते. त्यांनी दिली नाही. दुसरा कोणीतरी देणारच आहे. सजावटच पाहिजे तर फायबरचं तोंड बनवून घ्या, लांबून कोणाला कळणार आहे, पण जी जाळी आणि जे दिवे एखाद्या चालत्या गाडीवर अजून पंधरा वर्षं राहिले असते ते भिंतीवर खिळे मारून संपवू नका. नुव्याला अश्वेक विंटेज वर्ल्डमध्ये जाऊन या, जुनी गाडी सांभाळून ठेवली की कशी दिसते ते बघायला मिळतं.

आता काय घ्यायचं आणि काय नाही. गोव्यातल्याच गाडीवरचा पत्रा शक्यतो घेऊ नका. शंभर इंचांच्या वर पाऊस आणि खारा वारा, दरवाजाच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती मातीने बुजतात, पाणी आत साठतं आणि पत्रा आतून खात जातो, बाहेरून रंग चकचकीत आणि आत चाळण. काका हे लपवत नाहीत, स्वतः सांगतात की हा इथला, हा घाटावरचा. बेळगाव, विजापूर, सोलापूर बाजूच्या कोरड्या हवेतल्या गाड्या ते चोर्ला घाटातून नाहीतर अनमोड घाटातून खाली आणतात आणि त्यांचा दरवाजा दोन हजारांनी महाग असतो, तो घ्या. सोबत लोहचुंबक न्या, छोटासा चालतो, फडक्यात गुंडाळून दरवाजाच्या खालच्या कडेवरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. फडकं ह्यासाठी की रंगाला चरा पडला तर काका ओरडतात, आणि बरोबरच आहे.

काचा नक्की घ्या. दरवाजाच्या सपाट काचा कुठेही कापून मिळतात पण पुढची-मागची वळणदार काच साच्याशिवाय होत नाही. ती घेताना उन्हात धरून बघा, ओरखडे तिरप्या उजेडातच दिसतात. क्रोमवर बारीक टिपके पडले असतील तर पुन्हा प्लेटिंग होतं, पण पिवळट फोड आले असतील तर खालचा धातूच गेलाय, सोडून द्या. स्टीलचे हबकॅप कसेही असले तरी घ्या, चेपलेला सरळ होतो.

ब्रेकचं काहीही जुनं घेऊ नका. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत, मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरची रबरं जुन्या सिलिंडरच्या आत खड्डे पडलेले असले की आठवड्यात गळायला लागतात. काका स्वतःच ते विकत नाहीत, सरळ वजनावर घालतात. स्टिअरिंगचे जॉइंटही नवीनच शोधा, वेळ लागला तरी चालेल. इंजिन किंवा चेसिसचा तुकडा कागदाशिवाय घ्यायचा विचारही नको, इंजिन नंबर आरसीवर असतो, बदलला तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते आणि मूळ गाडीचे कागद नसले तर तुम्हीच अडकता. काका जुन्या आरसीची झेरॉक्स देतात, मागून घ्या.

तक्रारी पण सांगतो. बिल देत नाहीत, वहीवर लिहितात आणि चिठ्ठी देतात, एवढे पैसे देताना बिल पाहिजेच असं माझं मत आहे आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलंय. भाव लिहिलेले नसतात, त्यामुळे नवीन माणसाला जरा धाकधूक वाटते. ठेवून द्या म्हटलं तर आठवड्याच्या वर ठेवत नाहीत, आगाऊ पैसे दिले तरच. फोन लागत नाही, लागला तर "येऊन बघ" म्हणतात. पण त्याचवेळी एका ऑनलाइन विक्रेत्याने मला फोटोत एक जाळी दाखवून दुसरीच पाठवली, मधली पट्टी वेल्डिंगने जोडून वर चंदेरी स्प्रे मारलेला, आणि परत घ्यायला नकार. काकांकडे वस्तू हातात घेऊन, गाडीवर लावून बघून पैसे द्यायचे, बसली नाही तर तिथल्या तिथे परत. मी दरवाजा तिथेच अंगणात लावून बघितला, कुलूप पहिल्या झटक्यात लागलं, तो आवाज ऐकूनच पैसे काढून दिले.

जायचं तर सकाळी दहाच्या आधी जा, दुपारी बंद असतं. पावसाळ्यात शेडच्या बाहेरचं काही काढत नाहीत, त्यामुळे दिवाळीनंतर जास्त माल बघायला मिळतो. जुना पार्ट मोडका असला तरी सोबत न्या, आणि ऐन वेळी लागेल तेव्हा बघू असं करू नका, आज दिसलेली वस्तू महिन्याने तिथे नसते. डुक्कर फियाटवाल्यांनो (म्हणजे पद्मिनीच्या आधीची जुनी गोलसर फियाट ११००), उलट उघडणाऱ्या दरवाजाची एक जोडी मी आत मागच्या शेडमध्ये बघितली आहे, लवकर जा.

मला अजून मागच्या डाव्या दिव्याची मूळ लेन्स पाहिजे, न तडकलेली, फिक्की चालेल. काकांकडे उजवीच आहे. कोणाकडे असेल तर सांगा, माझ्याकडे जास्तीचे हबकॅप आहेत, बदल्यात देईन.